रक्ताची साक्ष : श्वसनरोगांच्या पूर्वानुमानाचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानासाठी संस्थेने मला पाचारण केले, याबद्दल मी मनःपूर्वक ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते ते कैलासवासी सर विज्ञानाचे अध्यापक होते. तेव्हा विषय विज्ञानाच्या जवळचा असावा, अशी संयोजकांची इच्छा होती. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने वैद्यकाच्या इतिहासावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु भाषेचा अभ्यास म्हणजे अखेर खुणांचा अभ्यास होय. एखादी खूण काय सांगते, काय सांगत नाही आणि वाचणारा तिच्यात स्वतःच्या मनातले काय मिसळतो, हे प्रश्न जसे शब्दाच्या बाबतीत पडतात तसेच रक्ताच्या थेंबाच्या बाबतीतही पडतात. वैद्यकशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. मी बोलणार आहे तो इतिहास आहे.

प्रश्न असा आहे : विषाणूमुळे श्वसनमार्गाचा विकार जडलेल्या माणसाचे दुखणे सौम्य राहील की जिवावर बेतेल, हे त्याच्या रक्तातील खुणांवरून आधी सांगता येते काय? २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हा प्रश्न घराघरांत पोचला. ज्यांनी प्रयोगशाळेचा कागद कधी निरखून वाचला नव्हता, त्यांच्याही तोंडी 'सीआरपी' आणि 'डी-डायमर' हे शब्द आले. या शब्दांमागे अडीचशे वर्षांची परंपरा आहे आणि तिचा बोध थोडक्यात असा की, रक्तातील खूण खरी असू शकते, आणि तरीही तिच्यावरून योजलेला उपाय घातक ठरू शकतो. या दोहोंमधले अंतर ओळखायला वैद्यकाला फार वेळ लागला, आणि ते अंतर आपण पुनःपुन्हा विसरतो.

पूर्वज्ञानाची जुनी ओढ

रोगाचा शेवट काय होईल हे सांगण्याला ग्रीकांनी 'प्रोग्नोसिस' म्हटले. 'प्रो' म्हणजे आधी आणि 'ग्नोसिस' म्हणजे जाणणे. यातला 'ग्नो' आणि आपल्या संस्कृतातला 'ज्ञा' ही एकाच मुळाची रूपे आहेत. तेव्हा 'पूर्वज्ञान' हा त्या शब्दाचा नुसता अनुवाद न राहता सख्खा भाऊच ठरतो. हिपोक्रेटिसच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथसमूहात या विषयाला वाहिलेले स्वतंत्र पुस्तक आहे. मरणोन्मुख माणसाचे नाक कसे टोकदार दिसू लागते, डोळे कसे खोल जातात, कानशिले कशी बसतात, याचे त्यातले वर्णन वैद्यकात आजही हिपोक्रेटिसच्या नावानेच ओळखले जाते. आपल्याकडे चरकसंहितेतील इंद्रियस्थान हे बारा अध्यायांचे संपूर्ण स्थान अरिष्टलक्षणांना, म्हणजे मृत्यूच्या पूर्वखुणांना दिलेले आहे. रोगांची साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी विभागणीही याच विचारातून झाली.

हे ज्ञान प्राचीनांना कशासाठी हवे होते? दोन्ही परंपरांचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके सारखे आहे. असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची आणि यशाची हानी होते, असे चरक बजावतो. जो वैद्य रोगाचा शेवट आधी सांगेल त्याच्यावर लोक विश्वास ठेवतील आणि रोगी दगावला तरी त्याच्या माथी दोष येणार नाही, असे ग्रीक ग्रंथ सांगतो. रोग्याच्या हिताची त्यांना पर्वा नव्हती असा याचा अर्थ नाही. उपाय मोजके होते. म्हणून आधी कळण्याचा उपयोग, कोणाला हात लावू नये हे ठरविण्यापुरता उरत असे. पूर्वज्ञानाचा हा जुना हेतू ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी कथा तो हेतू बदलण्याची आहे.

रक्तावरची साय

रक्त काढणे हा उपचार पूर्व आणि पश्चिम दोहोंकडे होता. सुश्रुताने सिरावेध आणि जळवा यांचे विधिनिषेध तपशिलाने सांगितले आहेत. युरोपात मात्र सतराव्या-अठराव्या शतकांत ज्वर आणि फुफ्फुसाचा दाह यांवर शीर उघडून रक्त काढणे हा जवळजवळ ठरलेलाच उपचार झाला. काढलेले रक्त भांड्यात धरून ठेवीत, आणि ते गोठत असताना वैद्य त्याचे निरीक्षण करीत. निरोगी माणसाचे रक्त सर्वत्र तांबडे गोठे. दाहज्वराने आजारी असलेल्या माणसाच्या रक्तावर मात्र दुधावर साय धरावी तसा फिकट पिवळसर, चिवट थर जमे. दाह जितका तीव्र तितका हा थर जाड, असा अनुभव होता.

हे निरीक्षण अगदी बरोबर होते. रक्ताकडे पाहून श्वसनरोगाची तीव्रता मोजण्याचा हा एक अतिशय जुना प्रयत्न म्हणता येईल. पण ही साय म्हणजे प्रत्यक्ष रोगाचेच द्रव्य, असा समज रूढ झाला. आणि रोगाचे द्रव्य दिसते आहे तर ते आणखी बाहेर काढले पाहिजे, हा निष्कर्ष ओघानेच आला. साय दिसली की पुन्हा शीर उघडण्यास तो आधार मानला जाई. खरी खूण आणि घातक उपाय यांची ही पहिली जोडी.

सायीचे कोडे इंग्रज संशोधक विल्यम ह्यूसन याने १७७१ साली प्रसिद्ध केलेल्या रक्तविषयक पुस्तकात उलगडत आणले. दाहाच्या रोगात तांबडे कण रक्त गोठण्यापूर्वीच खाली बसतात. वर उरलेला कणरहित द्रव मग गोठतो आणि तीच ती साय, असे त्याने प्रयोगाने दाखविले. ह्यूसन १७७४ मध्ये, शवविच्छेदनात झालेली जखम चिघळून, ऐन पस्तिशीच्या आत वारला. साय हे रोगाचे द्रव्य नाही हे कळूनही रक्त काढणे थांबले नाही. उलट पुढच्या शतकात पॅरिसमध्ये जळवांचा असा काही बहर आला की, १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींवर जळवा आयात केल्या.

त्या पॅरिसमध्येच प्येअर लुई नावाच्या वैद्याने साधा, पण तोवर फारसा कोणी न केलेला उद्योग केला. त्याने मोजले. फुफ्फुसदाहाच्या ७७ रोग्यांची टिपणे घेऊन त्याने दोन गट पाडले : पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेले ४१ आणि त्यानंतर काढलेले ३६. पहिल्या गटाचे दुखणे सरासरीने सुमारे तीन दिवस आधी संपले खरे. पण त्या गटातले १८ दगावले आणि दुसऱ्यातले ९. म्हणजे शेकडा ४४ आणि शेकडा २५. संख्या लहान होती आणि लुईने निष्कर्षही जपून मांडले. परंतु १८३५ च्या त्याच्या ग्रंथाने एक नवा दंडक घातला. उपाय चालतो की नाही हे खुणेच्या तीव्रतेवरून, गुरूच्या वचनावरून किंवा एका रोग्याच्या अनुभवावरून ठरणार नाही. दोन गट शेजारी ठेवून मोजावे लागेल. पुढे आपण ऑक्सफर्डला पोचू तेव्हा हा दंडक पुन्हा भेटेल.

नळीतली घसरण

याच काळात पॅरिसमध्ये गाब्रिएल आंद्राल आणि झ्यूल गावारे यांनी रक्तातील फायब्रिन, म्हणजे रक्त गोठविणारा तंतुमय पदार्थ, तोलून पाहिला. निरोगी रक्तात तो हजारात साधारण तीन भाग असतो. फुफ्फुसदाहात तो पाचापासून दहापर्यंत चढतो, असे त्यांना आढळले. अठराशे चाळीसच्या सुमाराचे हे काम म्हणजे रक्तातील खुणेला आकडा लाभण्याचा आरंभ होय. आंद्रालने १८४३ साली ते ग्रंथरूपाने मांडले.

पुढे १८९७ मध्ये पोलिश वैद्य एडमंड बिअरनाट्स्की याने तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग हाच रोगाची खूण म्हणून वापरता येईल असे दाखविले. १९१८ मध्ये स्वीडनच्या रॉबिन फोरेउसला तीच गोष्ट गर्भवती स्त्रियांच्या रक्तात आढळली आणि गर्भधारणा ओळखण्याची ही चाचणी होईल असे त्याला प्रथम वाटले. पण तोच वेग अनेक रोगांतही वाढतो हे लवकरच दिसून आले. १९२१ साली त्याचा प्रबंध आला आणि त्याच सुमारास त्याचा देशबंधू आल्फ वेस्टरग्रेन याने उभ्या नळीत रक्त ठेवून एका तासात पेशी किती मिलिमीटर खाली घसरल्या ते मोजण्याची पद्धत बसविली. आपण ज्याला 'ईएसआर' म्हणतो तो हाच. आपल्याकडे क्षयरोग्यांच्या कितीतरी पिढ्यांनी हा आकडा खाली उतरण्याची वाट पाहिली आहे.

वेग का वाढतो? दाह झाला की यकृत फायब्रिनचे पूर्वद्रव्य, फायब्रिनोजेन, अधिक बनवू लागते. त्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात आणि जड होऊन भराभर तळ गाठतात. म्हणजे वैद्यांनी भांड्यात पाहिलेली साय आणि नळीतला ईएसआर ही एकाच घटनेची दोन रूपे. फोरेउसला हे नाते पुरते उमगले होते. त्याने असेही सुचविले की, काचेच्या भांड्यात गोठणाऱ्या रक्ताचे थर पाहूनच प्राचीन ग्रीकांना चार रसांची कल्पना सुचली असावी : तळाचा काळा गोळा, मधला तांबडा भाग, वरची पांढुरकी साय आणि पिवळे पाणी. अनुमान सिद्ध करता येण्याजोगे नाही, पण मोठे मनोहर आहे.

ईएसआरची उणीव मात्र पहिल्या दिवसापासून दिसत होती. क्षय, फुफ्फुसदाह, संधिवात, गर्भारपण, रक्तक्षय, एवढेच काय, नुसते वाढते वयही त्याला वर नेते. काहीतरी बिघडले आहे एवढेच तो सांगतो. काय बिघडले हे सांगत नाही, आणि पुढे काय होईल हे तर मुळीच नाही.

१९१८ : खूण होती, उपाय नव्हता

फोरेउस स्टॉकहोममध्ये नळ्या निरखीत होता त्याच वर्षी जगावर इन्फ्लुएंझाचे संकट कोसळले. १९१८ च्या जूनमध्ये ते मुंबईत उतरले आणि पावसाळा सरता सरता दुसरी, कितीतरी भयानक लाट देशभर पसरली. हिंदुस्थानात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. तोवर सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजण्याची आणि पाउल एर्लिखच्या रंगांमुळे त्यांचे प्रकार ओळखण्याची विद्या सर्वत्र रुळली होती. जीवाणूंच्या फुफ्फुसदाहात पांढऱ्या पेशी वाढतात, हे डॉक्टरांना ठाऊक होते. या रोग्यांच्या रक्तात त्या वाढण्याऐवजी घटलेल्या दिसत.

हे लक्षण मोठे अर्थपूर्ण होते. हा रोग नेहमीच्या जीवाणूंचा नाही, असेच जणू रक्त सांगत होते. पण त्या काळी इन्फ्लुएंझा हा १८९२ मध्ये फायफरने वर्णिलेल्या जीवाणूचा रोग, असा समज प्रबळ होता. खरा कारक विषाणू माणसापासून प्रथम वेगळा केला तो १९३३ साली, लंडनमध्ये, विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी. १९१८ च्या डॉक्टराला पेशींची घट दिसे. तिचे कारण ठाऊक नव्हते आणि तिच्यावर उपायही नव्हता. शुश्रूषा, विश्रांती आणि धीर यांपलीकडे त्याच्या झोळीत फारसे काही नव्हते. उपायाविना मिळालेले पूर्वज्ञान माणसाला चरकाच्या काळातच परत नेऊन सोडते.

'सी' प्रथिनाची कथा

आता न्यूयॉर्कला जाऊ. रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात ऑस्वल्ड एव्हरी आणि त्याचे सहकारी न्यूमोनियाच्या जीवाणूंचा अभ्यास करीत होते. १९३० मध्ये विल्यम टिलेट आणि टॉमस फ्रान्सिस यांनी त्या जीवाणूपासून काढलेला एक शर्करायुक्त अंश रोग्यांच्या रक्तजलात मिसळून पाहिला. या अंशाला त्यांनी 'सी' हे अक्षर दिले होते. आजाराच्या ऐन भरात असलेल्या रोग्यांच्या रक्तजलात ताबडतोब साका धरला. रोगी संकटातून बाहेर पडताच तोच गुण नाहीसा झाला.

यातली विलक्षण गोष्ट अशी. शरीराने रोगाविरुद्ध घडविलेली प्रतिपिंडे उशिरा येतात आणि बरे झाल्यावरही रेंगाळतात. हा पदार्थ त्याच्या नेमका उलट वागत होता : वादळासोबत येत होता आणि वादळासोबत जात होता. शिवाय ज्यांच्या शरीरात न्यूमोनियाचा जीवाणू नव्हता अशा इतर रोग्यांच्या रक्तातही तो सापडला. १९४१ च्या सुमारास एव्हरीच्या प्रयोगशाळेत ते प्रथिन आहे हे ठरले आणि 'सी'शी प्रतिक्रिया करणारे म्हणून 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन', म्हणजेच सीआरपी, हे नाव रूढ झाले. ते यकृतात बनते. दाह सुरू झाल्यावर सुमारे सहा तासांत ते रक्तात चढू लागते, साधारण दर आठ तासांनी दुप्पट होते, दोन दिवसांत शिखर गाठते, आणि कारण संपले की सुमारे एकोणीस तासांत निम्म्यावर येते. ईएसआर उतरायला कित्येक आठवडे घेतो. हे प्रथिन दिवसागणिक बोलते.

यकृताला हा निरोप कोण पोचवितो, हे कळायला आणखी साडेचार दशके जावी लागली. १९८६ मध्ये जपानमधील ओसाका येथे तोशिओ हिरानो, तादामित्सू किशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोप्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. त्याला पुढे 'इंटरल्युकिन-६' हे नाव मिळाले. दाहाच्या जागेवरून निघालेला हा निरोप्या यकृताला जागा करतो आणि मग यकृत सीआरपीही बनविते आणि फायब्रिनोजेनही. अठराव्या शतकातील साय, आंद्रालचे फायब्रिन, वेस्टरग्रेनची नळी आणि रॉकफेलरचा साका ही एकाच साखळीची कडी होती, हे तेव्हा उघड झाले. लक्षात घ्यावे ते एवढेच की, या साखळीत विषाणू कोठेच नाही. रक्तातील या खुणा शत्रूचे वर्णन करीत नाहीत. घरात उडालेल्या धांदलीचे वर्णन करतात.

वूहानपासून ऑक्सफर्डपर्यंत

विसाव्या शतकाच्या अखेरीस या साक्षीदारांची संख्या वाढली. १९९३ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दाखविले की, प्रोकॅल्सिटोनिन हा पदार्थ जीवाणूंच्या गंभीर संसर्गात फार चढतो आणि विषाणूंच्या संसर्गात बहुधा खालीच राहतो. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १३८ रोग्यांच्या अभ्यासात नोंदविले की, वाढते वय, एलडीएच या विकराची चढती पातळी आणि न्यूट्रोफिल पेशींची वाढ या गोष्टी वाईट परिणामाच्या अगोदर दिसतात. लसिकापेशींची घट तर बहुतेकांत होती. २००६ मध्ये व्हिएतनाममधील बर्ड फ्लूच्या अभ्यासातून दिसले की, जे दगावले त्यांच्या शरीरात विषाणूही विपुल होता आणि निरोप्या प्रथिनांचाही महापूर होता.

मग २०२० साल उजाडले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये वूहानच्या दोन रुग्णालयांतील १९१ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५४ मृत्युमुखी पडले होते. दाखल होतेवेळी डी-डायमर, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा तुकडा, मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून अधिक असेल तर मृत्यूचा धोका बराच वाढतो, असे त्यात निष्पन्न झाले. जगभरच्या डॉक्टरांनी हा आकडा उचलला आणि भाकिताच्या सूत्रांची रीघ लागली. एप्रिल २०२० मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने अशी ३१ सूत्रे तपासली. एकजात सर्वांमध्ये पूर्वग्रहाचा मोठा धोका आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला. घाईत, थोड्या रोग्यांवर, ज्यांचा शेवट अजून ठरायचा होता अशांनाही वगळून किंवा मिसळून ती बांधलेली होती.

धीराने बांधलेले सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनमधून आले. २६० रुग्णालयांतील ३५ हजारांवर रोग्यांच्या माहितीवरून ते रचले होते. त्यात एकूण २१ गुण आहेत. ते कसे वाटले आहेत हे पाहण्यासारखे आहे. वयाला सातपर्यंत गुण. श्वासाची गती, प्राणवायूची पातळी, शुद्धीची अवस्था आणि आधीचे आजार यांना प्रत्येकी दोनपर्यंत. पुरुष असल्यास एक. रक्तातील युरियाला तीनपर्यंत, आणि ज्याच्यावरून आपल्या रात्रीच्या रात्री जागण्यात गेल्या त्या सीआरपीला जास्तीत जास्त दोन. एकविसांपैकी रक्ताच्या वाट्याला आले ते सगळे मिळून पाच. उरलेले सोळा गुण रोग्याचे वय विचारून, त्याच्या खाटेशी बसून, त्याचा श्वास मोजून आणि बोटाला छोटेसे यंत्र लावून मिळतात.

उपायाचा प्रश्न ऑक्सफर्ड विद्यापीठाने चालविलेल्या 'रिकव्हरी' चाचणीने सोडविला. तिची रीत लुईचीच, पण एका मोठ्या सुधारणेसह : कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरने न ठरविता दैवाने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरवायचे. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉईडचा निकाल लागला. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रोग्यांत अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू शेकडा ४१ वरून २९ वर आले; नुसता प्राणवायू लागलेल्यांत शेकडा २६ वरून २३ वर. आणि ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांच्यात? तेथे औषध न घेतलेल्यांत शेकडा १४ आणि घेतलेल्यांत शेकडा जवळजवळ १८ मृत्यू झाले. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, पण लाभ नव्हता एवढे निश्चित, आणि अपायाची शंका रास्त होती. एकच औषध एका खाटेवर जीवदान देत होते आणि शेजारच्या खाटेवर धोका वाढवीत असावे. त्या दोन खाटांमधली सीमा ठरली होती ती श्वासावर.

फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच चाचणीतून टोसिलिझुमॅबचा निकाल आला. ओसाकाच्या संशोधनातून जन्मलेले हे औषध इंटरल्युकिन-६ चा निरोप पेशीच्या दारातच अडविते. चाचणीत प्रवेशासाठी दोन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागत : प्राणवायूची पातळी खालावलेली असावी आणि सीआरपी लिटरमागे ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असावे. ४,११६ रोग्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ३५ वरून ३१ वर आले. रक्तातली खूण येथे प्रथमच आपल्या योग्य स्थानी बसलेली दिसते. ती एकटी नाही, श्वासाच्या साक्षीला तिची जोड आहे, आणि तिच्यावरून काय करायचे ते आधी मोजून पाहिलेले आहे. या औषधाचा आणखी एक धडा आहे. ते दिल्यावर सीआरपी झपाट्याने उतरते, रोगी सुधारत नसला तरीही. कारण यकृताकडे जाणारा निरोपच तोडलेला असतो. साक्षीदाराचे तोंड बांधल्यावर त्याच्या मौनाला निर्दोषत्वाचा पुरावा मानता येत नाही.

२०२१ चा उन्हाळा

आता आपल्या गावाशी, आपल्या प्रांताशी येतो. एप्रिल-मे २०२१ मध्ये गुजरात-महाराष्ट्रात काय घडले ते या सभागृहातील कोणाला सांगायला नको. घरात एकाला ताप आला की, तो चालता-बोलता असतानाच सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, इंटरल्युकिन-६ अशी तपासण्यांची माळ लागे. अहवाल फोनवरून नातलगांमध्ये फिरे, आणि कागदावरचा एखादा ठळक आकडा पाहून घरच्या घरी स्टेरॉईड सुरू होई. रिकव्हरीचा निकाल लागून तेव्हा दहा महिने उलटले होते. मे महिन्याच्या आरंभी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संचालकांनी जाहीरपणे सांगितले की, सौम्य आजारात प्राणवायूची पातळी ठीक असेल तर या रक्ततपासण्यांची आवश्यकता नाही, त्यांनी घबराटच वाढते, आणि आरंभीच घेतलेले स्टेरॉईड विषाणूला बळ देऊ शकते.

त्यानंतर काळ्या बुरशीची लाट आली. जूनअखेरपर्यंत देशात चाळीस हजारांवर रोगी नोंदले गेले आणि त्यांत आपली ही दोन राज्ये आघाडीवर होती. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉईडचा अवाजवी वापर ही तिची प्रमुख कारणे मानली गेली. कितीतरी जणांचे डोळे गेले, जबडे गेले, प्राण गेले. त्या दिवसांतल्या डॉक्टरांना किंवा भेदरलेल्या कुटुंबांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. खाट मिळत नव्हती, प्राणवायू मिळत नव्हता, आणि हाती धरायला एक आकडा तेवढा होता. बुडत्याने तो धरला. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तेथे अठराव्या शतकातले ते भांडे दिसते. साय खरी होती. सीआरपीही खरे होते. दोन्ही वेळी माणसांनी खुणेलाच रोग मानले आणि खूण पुसण्यासाठी उपाय केला.

समारोप

संशोधन पुढे चालले आहे. १९५७ साली लंडनमध्ये अॅलिक आयझॅक्स आणि झाँ लिंडेनमान यांनी विषाणूला अडविणारे इंटरफेरॉन शोधले होते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये असे दिसून आले की, करोनाने जिवावर बेतलेल्या ९८७ रोग्यांपैकी १०१ जणांच्या रक्तात याच इंटरफेरॉनला निकामी करणारी, शरीराने स्वतःच घडविलेली प्रतिपिंडे होती. आजार सौम्य राहिलेल्या किंवा लक्षणेच नसलेल्या ६६३ जणांत ती एकाच्याही रक्तात नव्हती. काही रोग्यांच्या बाबतीत तर, आजारापूर्वी साठवलेल्या रक्तातही ती सापडली. म्हणजे घर पेटण्यापूर्वीच कोणाच्या दाराशी पाणी नाही हे सांगणारी ही खूण आहे. उद्या अशा व्यक्तींना आधीच ओळखून लस, औषध आणि देखरेख यांचा लाभ देता येईल, ही आशा वाजवी आहे.

चरकाच्या काळी पूर्वज्ञानाचा उपयोग कोणाला सोडून द्यावे हे ठरविण्यासाठी होता. आज तो कोणाकडे आधी धावावे हे ठरविण्यासाठी होऊ लागला आहे. माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासातली ही सर्वांत माणुसकीची प्रगती आहे, आणि ती एखाद्या नव्या यंत्रापेक्षाही मोजण्याच्या प्रामाणिकपणातून आलेली आहे.

या शाळेच्या विद्यार्थ्यांपैकी काही उद्या डॉक्टर होतील, काही प्रयोगशाळेत बसतील, आणि सगळेच केव्हातरी आपल्या माणसाच्या उशाशी अहवालाचा कागद घेऊन बसतील. त्या वेळी त्यांनी त्या कागदाला तीन प्रश्न विचारावेत, एवढीच माझी विनंती. हा आकडा कशाची साक्ष देतो? या आकड्यावरून जे करायचे म्हणतात ते कोणी मोजून पाहिले आहे काय? आणि खाटेवरच्या माणसाचा श्वास काय म्हणतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला विज्ञानाला अडीचशे वर्षे लागली, दुसऱ्याचे उत्तर अजून अनेक बाबतींत मिळायचे आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र जवळ बसणाऱ्या कोणालाही मिळते.